दोन दारं उरली म्हणून शक्यता निम्मी-निम्मी होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन बंद दारं. एकामागे मोटार, बाकी दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडायचं. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोहोंतलं बकरीचं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, ‘दार बदलायचंय?’ सगळीकडे उत्तर छापलेलं असतं की बदला, मोटार मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. प्रश्नकर्त्याने स्वतः प्रोग्राम लिहून हा खेळ हजारो वेळा चालवून पाहिला, ६६-६७ टक्केच आले, तरी ‘दारं दोनच उरलीत, मग निम्मं-निम्मं का नाही?’ हा किडा डोक्यातून जात नाही. मित्र तर निम्म्यावरच अडून बसलाय. वर एक पोटप्रश्न: असल्या कोड्यांचा रोजच्या आयुष्यात काही उपयोग आहे, की ही नुसती शब्दांची कसरत?

मी संख्याशास्त्र शिकवते आणि संभाव्यता शिकवायला घेतली की हे कोडं वर्गात टाकतेच. त्यामुळे निम्म्यावर अडून बसलेली माणसं मला नवीन नाहीत, आणि ती कमी हुशार असतात असा माझा अनुभव तर अजिबात नाही. पॉल एर्डिश हे विसाव्या शतकातले थोर गणिती, संभाव्यतेवर त्यांचं स्वतःचं मोठं काम. त्यांचे मित्र अँड्र्यू वाझोन्यी यांनी लिहून ठेवलंय की हे उत्तर ऐकून एर्डिश यांनी ते साफ नाकारलं होतं. शेवटी संगणकावर खेळ चालवून दाखवला तेव्हा आकड्यापुढे त्यांचा नाइलाज झाला, पण ‘का ते सांगा’ ही कुरकुर संपली नाही. म्हणजे तुमची अवस्था अगदी तीच आहे. आकडा पटणं आणि कारण पटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रोग्राम फक्त पहिली देतो.

कोडं गाजलं ते १९९० च्या सप्टेंबरात. अमेरिकेतल्या ‘परेड’ या साप्ताहिक पुरवणीत मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांचं प्रश्नोत्तरांचं सदर होतं. त्यांनी ‘बदला’ असं बरोबर उत्तर दिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. त्यांच्या सांगण्यानुसार सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली हजाराच्या आसपास पीएच.डी. झालेल्यांची, आणि बहुतेकांचा सूर ‘बाई, तुमचं चुकलंय’ असा. खरं तर त्याआधी पंधरा वर्षं, १९७५ मध्ये, स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हेच कोडं उत्तरासकट मांडलं होतं. टीव्हीवरच्या ‘लेट्स मेक अ डील’ या खेळाचे सूत्रसंचालक मॉंटी हॉल, म्हणून हे ‘मॉंटी हॉलचं कोडं’.

आता कारणाकडे येऊ. ‘दोन पर्याय उरले म्हणजे निम्मं-निम्मं’ असा नियम मुळात नाहीच. दोन्ही पर्याय सारख्याच वाटेने उरले असतील तरच तसं म्हणता येतं. इथे तुमचं दार उरलं, कारण तुम्ही ते धरून ठेवलं होतं. सूत्रसंचालकाला त्याला हात लावायची मुभाच नव्हती. दुसरं दार मात्र एका जाणकाराच्या चाळणीतून गेलंय. एक विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाही आणि दुसरा बसून पास झाला. दोघंही ‘नापास नाहीत’ म्हणून दोघांना सारखं धरायचं का?

तीनशे खेळ मनात मांडा. तुम्ही प्रत्येक वेळी पहिलंच दार धरता. मोटार शंभर वेळा पहिल्यामागे, शंभर वेळा दुसऱ्यामागे, शंभर वेळा तिसऱ्यामागे. मोटार पहिल्यामागे असते तेव्हा सूत्रसंचालक मोकळा असतो. पन्नास वेळा दुसरं उघडेल, पन्नास वेळा तिसरं. मोटार दुसऱ्यामागे असेल तर त्याला तिसरंच उघडावं लागतं, शंभरच्या शंभर वेळा. तिसऱ्यामागे असेल तर दुसरंच. आता फक्त ते खेळ बाजूला काढा ज्यांत तिसरं दार उघडलं. असे दीडशे खेळ आहेत: पन्नास पहिल्या ढिगातले आणि शंभर दुसऱ्या ढिगातले. दीडशेपैकी शंभर वेळा मोटार दुसऱ्या दारामागे. झाले दोन तृतीयांश. तुमच्या दाराची शक्यता एक तृतीयांश होती, ती तेवढीच राहिली.

वर्गात मी हे पत्त्यांवर करते. बदामाचा एक्का म्हणजे मोटार, काळी दुर्री आणि तिर्री म्हणजे बकऱ्या. जोडीजोडीने बसायचं, एकाने पत्ते पिसून उपडे मांडायचे, नीट बघून ठेवायचे आणि सूत्रसंचालक व्हायचं. एक गंमत मला दर वर्षी दिसते. खेळणाऱ्याला बराच वेळ काही उमगत नाही. सूत्रसंचालक झालेल्या पोराला मात्र काही डावांतच उमगतं, आणि ते जवळजवळ त्याच शब्दांत: ‘मॅडम, मला तर बहुतेक वेळा चॉइसच नसतो!’ समोरच्याने दुर्री किंवा तिर्री उचलली की याच्या हातात एक्का आणि एक काळं पान उरतं, आणि काळंच दाखवावं लागतं. म्हणजे तीनातल्या दोन वेळा तो नकळत बोटाने सांगतच असतो की एक्का इथे आहे. तुमच्या मित्राला प्रोग्राम दाखवू नका. त्याला पत्ते द्या आणि सूत्रसंचालक करा.

आणि प्रोग्राम लिहिलाच आहे, तर त्यातली सूत्रसंचालकाची ओळ बदलून बघा. खरी मजा तिथे आहे.

समजा त्याला मोटार कुठे आहे हे ठाऊकच नाही. उरलेल्या दोहोंतलं तो कुठलंही एक आंधळेपणाने उघडतो आणि योगायोगाने बकरी निघते. (मोटारच निघाली तर तो डाव रद्द.) पुन्हा तीनशे खेळ. मोटार पहिल्यामागे असताना तिसरं दार पन्नास वेळा उघडतं. मोटार दुसऱ्यामागे असतानाही आता पन्नासच वेळा, कारण उरलेल्या पन्नास वेळा त्याने दुसरं उघडून मोटारच दाखवली आणि ते डाव बाद झाले. तिसऱ्या दारातून बकरी दिसली असे शंभर खेळ, त्यांत पन्नास-पन्नास. म्हणजे इथे निम्मं-निम्मं हेच खरं उत्तर! तुम्हाला दिसलेलं दृश्य तेच: एक उघडं दार, एक बकरी, दोन बंद दारं. फरक पडला तो बकरी दाखवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं त्याने.

आता आळशी सूत्रसंचालक घ्या. त्याला सगळं ठाऊक आहे, पण तो तिसऱ्या दाराजवळ उभा असतो आणि जमेल तेव्हा तेच उघडतो. अगदीच नाइलाज झाला तर चालत दुसऱ्याकडे जातो. मोटार पहिल्यामागे असो की दुसऱ्यामागे, शंभर-शंभर वेळा तिसरंच उघडणार. तेव्हा तिसरं उघडलं तर शक्यता निम्मी-निम्मी. पण तो पाय ओढत दुसऱ्या दाराकडे निघाला, की मोटार तिसऱ्यामागे आहे याची शंभर टक्के खात्री. नेहमी बदलणारा एकूण तीनशेपैकी दोनशे डाव याही खेळात जिंकतोच. पण एकेका डावातली शक्यता सूत्रसंचालकाच्या सवयीवर हलते.

आणि सूत्रसंचालक लबाड असेल, तुम्ही मोटारीचं दार धरलंय असं दिसल्यावरच ‘बदलायचंय का’ विचारत असेल, तर बदलणारा दर वेळी बकरी घेऊन घरी जाईल. खुद्द मॉंटी हॉल यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९९१ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पत्रकाराला घरी बसवून त्यांनी हा खेळ खेळून दाखवला आणि सरळ सांगितलं की दार उघडायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर असेल तर ते खेळाडूला हवं तसं खेळवू शकतात. ज्या पीएच.डी. मंडळींनी रागारागाने पत्रं लिहिली त्यांच्या बाजूने बोलायचं तर एवढंच म्हणता येईल, की सूत्रसंचालकाने नेहमीच बकरी दाखवायची असते ही अट छापील प्रश्नात ठसठशीत लिहिलेली नव्हती. पण बहुतेकांचा आक्षेप तो नव्हताच. ते निम्म्यावरच अडले होते.

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांना यातलं मर्म मॉंटी हॉलच्या कितीतरी आधी माहीत होतं. समजा एका रंगाची राणी आणि गुलाम दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या हातांत कुठेतरी आहेत आणि त्यांतल्या एकाने राणी टाकली, तर गुलाम दुसऱ्याकडे असण्याचा संभव जास्त. कारण दोन्ही पानं त्याच्याचकडे असती तर निम्म्या वेळा त्याने गुलाम टाकला असता. एक वाकडी आठवण कबुतरांची. २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांना हा खेळ शिकवला. दाण्याच्या लोभाने ती ‘बदला’ हेच धोरण शिकली आणि जवळजवळ नेहमी बदलू लागली. तेवढ्याच सरावानंतर माणसं मात्र तितकी सुधारली नाहीत. कबुतराला तत्त्वज्ञान नसतं, त्याला फक्त दाणे मोजायचे असतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: समोर काय दिसतंय एवढ्याने भागत नाही. ते समोर कसं आलं, कोणी आणलं, काय गाळून आणलं, हे मोजणीत धरावं लागतं. रोजच्या विचारात आपण नेमकं हेच सोडून देतो. या कोड्यांतली निम्म्याहून अधिक याच एका खोडीवर बेतलेली आहेत असं माझं मत आहे. ‘मी आत्ता खोटं बोलतोय’ किंवा गावातले जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी, ही जात वेगळी. तिथे वाक्य स्वतःच्याच शेपटाला चावतं. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९०२ मध्ये अशाच एका विरोधाभासाचं पत्र जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेग यांना पाठवलं, तेव्हा फ्रेग यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता आणि त्याचा पायाच हादरला. ते प्रकरण मोठं आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून सोडते.

दुसरं कोडं घेऊ. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ते १९५९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात घातलं होतं. त्यांनी मुलग्यांबद्दल विचारलं होतं, मी मुलींबद्दल विचारते. एका घरात दोन मुलं आहेत, त्यांपैकी निदान एक मुलगी आहे. दोन्ही मुलीच असण्याची शक्यता किती? (मुलगा-मुलगी होण्याची शक्यता समसमान धरू. आपल्याकडे प्रत्यक्षात ती तशी राहिलेली नाही, आणि का ते सगळ्यांना माहीत आहे.)

बहुतेक लोक ‘निम्मी’ म्हणतात. पुस्तकात ‘एक तृतीयांश’ असतं. आणि पुढे गार्डनर यांनीच मान्य केलं की प्रश्न जसा विचारला होता तसा तो अपुरा आहे. चारशे घरं घ्या, प्रत्येकात दोन मुलं. शंभर घरांत मुली-मुली, शंभरांत मुलगे-मुलगे, उरलेल्या दोनशेंत एक-एक. आता एक मुलींची शाळा कल्पा, जिथे या चारशे घरांतल्या सगळ्या मुली जातात. पालकसभा भरली. प्रत्येक घरातून एकच पालक आला. सभेला तीनशे पालक, कारण मुलगी नसलेली शंभर घरं येणारच नाहीत. या तीनशेंपैकी कोणालाही गाठून विचारा, ‘दोन्ही मुलीच का?’ शंभर जण ‘हो’ म्हणतील. एक तृतीयांश. आता त्याच शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत जा आणि कुठल्याही मुलीला विचारा, ‘तुला बहीण आहे का?’ पटांगणावर मुली चारशे आहेत: शंभर घरांतून दोन-दोन आणि दोनशे घरांतून एक-एक. चारशेतल्या दोनशे ‘हो’ म्हणतील. निम्म्या!

शाळा तीच, कुटुंबं तीच, ‘या घरात निदान एक मुलगी आहे’ हे वाक्य दोन्हीकडे तितकंच खरं. सभागृहात उत्तर एक तृतीयांश, पटांगणावर निम्मं. दोन मुलींचं घर सभेला एकदाच भेटतं, पटांगणावर दोनदा. मग कोड्याचं ‘खरं’ उत्तर कोणतं, असा वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते: तुम्हाला हे घर भेटलं कुठे?

या पटांगणाच्या हिशेबाला संख्याशास्त्रात मोठा संसार आहे, आणि तो कोड्यांच्या पुस्तकाबाहेर जास्त नांदतो. एका खासगी क्लासच्या जाहिरातीत ‘सरासरी बॅच ५० विद्यार्थ्यांची’ असं छापलंय समजा. दोन बॅच आहेत, एकीत ९० पोरं, दुसरीत १०. सरासरी ५०, जाहिरात अक्षरशः खरी. पण पोरांना विचारा. नव्वद जण सांगतील, ‘आमच्या बॅचला ९०’. दहा जण सांगतील, ‘आमच्याकडे १०’. शंभर उत्तरांची सरासरी ८२. क्लासवाला बॅच मोजतो, पोरगा गर्दी मोजतो. दोघंही प्रामाणिक आहेत आणि फी भरणाऱ्या पालकाच्या कामाचा आकडा ८२ आहे.

बसथांब्यावरही हेच. तासाला सहा बस आहेत, पण नीट दहा-दहा मिनिटांनी न येता एकदा १५ मिनिटांनी, मग ५ मिनिटांनी, पुन्हा १५, पुन्हा ५ अशा येतात. सरासरी अंतर दहा, म्हणून वाटतं की थांब्यावर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. पण तासातली पंचेचाळीस मिनिटं मोठ्या अंतरांनी व्यापलीत, पंधराच मिनिटं लहान अंतरांनी. केव्हाही थांब्यावर पोचा, पाऊण शक्यता अशी की मोठ्यातच सापडाल आणि सरासरी साडेसात मिनिटं थांबाल. पाव शक्यता लहान अंतराची, तिथे अडीच मिनिटं. हिशेब केला की सरासरी येते सव्वासहा मिनिटं. बस जितक्या बेभरवशाच्या तितकं हे वाढत जातं. मागची कधी गेली याचा पुढच्या बसशी काहीच संबंध नाही अशी अवस्था असेल तर थांबणं सरासरी पुरतं दहा मिनिटांचं होतं. ‘मी गेलो की नेमकी बस उशिरा’ ही तक्रार म्हणजे नशिबाला बोल लावणं नव्हे, त्यात गणित आहे. तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात असं वाटतं ना? त्याचंही मूळ हेच. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये ते मांडलं: ज्याला पुष्कळ मित्र, तो पुष्कळांच्या यादीत असतो.

आता जरा गंभीर उदाहरण. मुतखड्यावरच्या उपचारांची तुलना करणारा एक अभ्यास १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन पद्धती: एक जुनी, पोट किंवा कूस उघडून करायची शस्त्रक्रिया, दुसरी नवी, पाठीला छोटं छिद्र पाडून खडा काढायची. दोन्हीकडे ३५० रुग्ण. उघड्या शस्त्रक्रियेत २७३ बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. छिद्राच्या पद्धतीत २८९, म्हणजे ८३ टक्के. सरळ आहे, नवी पद्धत बरी.

थांबा. खडे लहान-मोठे असे वेगळे करा. लहान खडे असलेल्यांत उघड्या शस्त्रक्रियेने ८७ पैकी ८१ बरे, ९३ टक्के. छिद्राने २७० पैकी २३४, ८७ टक्के. मोठे खडे असलेल्यांत उघड्या शस्त्रक्रियेने २६३ पैकी १९२, ७३ टक्के. छिद्राने ८० पैकी ५५, ६९ टक्के. लहान खड्यांत जुनी पद्धत वरचढ, मोठ्या खड्यांतही जुनीच वरचढ, आणि बेरीज केली की नवी पुढे! बेरजा तपासून बघा, कुठेही चूक नाही. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: हे रुग्ण या रकान्यात आले कसे? डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून वाटले नव्हते. मोठे, अवघड खडे बहुतांशी उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते, लहान आणि सोपे छिद्राकडे. जुन्या पद्धतीच्या माथी अवघड रुग्ण आले, म्हणून एकूण आकड्यात ती मागे पडली. इथे वेगळं करून बघणंच योग्य, कारण खड्याचा आकार उपचाराआधी ठरलेला होता आणि उपचाराची निवड त्यावरून झाली होती. पण सगळीकडे आंधळेपणाने गट पाडत सुटू नका. रक्तदाब कमी करणाऱ्या औषधाची परीक्षा घेताना ‘औषधानंतर रक्तदाब किती’ यावरून गट पाडले तर औषधाने केलेलं कामच तुम्ही पुसून टाकाल. गट पाडायचे की नाही हे आकड्यांच्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. त्यासाठी रुग्णालयात काय घडलं ते ठाऊक असावं लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सगळ्यांत जड जाते. सूत्र द्या म्हणतात. सूत्र नाहीये.

रोगनिदान चाचण्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते आता बरंच प्रसिद्ध आहे. हजारात एकाला होणारा रोग. चाचणी रोग्याला चुकत नाही, पण निरोगी माणसांतल्या पाच टक्क्यांनाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता किती? १९७८ मध्ये अशाच आकड्यांचा प्रश्न हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० डॉक्टरांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारला, तेव्हा सर्वाधिक आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. फक्त ११ जणांनी बरोबर सांगितलं. हजार माणसं तपासली तर एक खरा रोगी आणि सुमारे पन्नास निरोगी पॉझिटिव्ह. एक्कावन्नात एक, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. लोकांच्या ध्यानात न येणारा भाग असा, की हे उत्तर सरसकट तपासणीत सापडलेल्या माणसाचं आहे. लक्षणं दिसली म्हणून डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसाची चाचणी तशीच पॉझिटिव्ह आली तर शक्यता पुष्कळ जास्त असते. कागद तोच, पण प्रयोगशाळेत कोणत्या वाटेने पोचलात त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

‘नुसती शब्दांची कसरत’ म्हणणाऱ्या पोटप्रश्नाला माझं उत्तर मात्र एका खटल्याचं आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या सॉलिसिटर, म्हणजे वकील होत्या. त्यांची दोन तान्ही बाळं दगावली, पहिलं डिसेंबर १९९६ मध्ये आणि दुसरं जानेवारी १९९८ मध्ये. आईनेच मारलं असा खटला उभा राहिला. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की अशा सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबात एक बाळ पाळण्यात अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन्ही दगावण्याची शक्यता हा आकडा स्वतःनेच गुणून, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं, जन्मठेप झाली.

गुणाकारातली चूक तुमच्या लगेच लक्षात येईल. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन बाळं. पहिल्याच्या मृत्यूमागे काही आनुवंशिक किंवा घरातलं कारण असेल तर ते दुसऱ्यालाही लागू होणार. या दोन घटना स्वतंत्र धरायला आधार काय? पण समजा तो आकडा बरोबर असता, तरीही त्यातून जे ऐकणाऱ्यांच्या मनात ठसतं ते चुकीचंच: ‘नैसर्गिक मृत्यूची शक्यता ७ कोटींत एक, म्हणजे निर्दोष असण्याची शक्यता ७ कोटींत एक’. वाटेल त्या एका आईला रस्त्यात गाठून ‘हिची दोन बाळं दगावतील का’ असा हा प्रश्न नव्हता. दोन बाळं दगावली होती, म्हणूनच ही आई न्यायालयासमोर उभी होती. लाखो कुटुंबांतून ज्यांच्याकडे हे घडलं त्यांनाच चाळून पुढे आणलं होतं. आता स्पष्टीकरणं दोनच: दोन्ही मृत्यू नैसर्गिक, किंवा आईने आपल्या दोन तान्ह्या बाळांचा एकामागोमाग खून केला. दुसरी गोष्टही भयंकर दुर्मीळ आहे. तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींची व्हायला हवी होती. ज्यूरीपुढे दुर्मीळपणाचा आकडा एकाच बाजूचा ठेवला गेला. मॉंटी हॉलमध्ये ‘दारं दोनच उरली’ म्हणणारा माणूस हीच चूक करतो. तिथे फार तर बकरी मिळते.

ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने जाहीर निवेदन काढून त्या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं. जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात सॅली क्लार्क सुटल्या. तिथे मुख्य कारण ठरलं ते दुसऱ्या बाळाच्या तपासणीतले सूक्ष्मजंतूंचे अहवाल बचाव पक्षापासून दडून राहिले होते हे. पण आकड्यांचा मुद्दा नीट लढवला गेला असता तर बहुधा त्यावरही अपील मान्य झालं असतं, असं न्यायालयाने निकालात म्हटलं. त्यानंतर अशाच स्वरूपाच्या जुन्या खटल्यांची फेरतपासणी सुरू झाली. अँजेला कॅनिंग्ज यांची शिक्षा डिसेंबर २००३ मध्ये रद्द झाली, डॉना अँथनी यांची २००५ मध्ये.